येण्यापूर्वी कळावं म्हणून

"एळव्वा, ऊठ की गं. तुझं मागं वाढलंय."

अक्का माझ्या खांद्याजवळ वाकून बोलली, 'ऊठ' आधी कानडीत, मग मराठीत. खांद्याला हात न लावता. माझ्या पानात मीठ वाढलं होतं, लोणचं वाढलं होतं. कोशिंबीर वाढणारी बाई माझ्यापाशी येऊन थांबली होती. डावीकडे पुण्याहून आलेले एक काका, उजवीकडे त्यांची सून. दोघंही मान खाली घालून आपापल्या पानातलं मीठ बघत होते.

मी उठले. "हो अक्का," म्हणाले. वर हसले. ते हसू आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

मागं म्हणजे भांडी घासायच्या नळापाशी. तिथं हलगीवाले होते, झाडूवाली होती. त्यांनी सरकून मला जागा दिली. जेवण तेच होतं, फक्त कागदाच्या प्लेटमध्ये. पुढं हे मला फार ऐकवलं गेलं. जेवण तेच होतं की.

हुबळीतल्या त्या सभागृहात मी नोकरीला होते. सभागृह व्यापारी मंडळाचं. या मराठी व्यापाऱ्यांचे आजे-पणजे कोल्हापूर-सांगलीकडून इथं दुकानं टाकायला आलेले. मंडळाचे कार्यवाह कापडवाले. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला अक्का. मी अळणावरजवळच्या खेड्यातली. बाबा लाकडाच्या वखारीत हमाल. घर महारवाड्यात. आमचं आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. धारवाडात बी.ए. केलं, कॉम्प्युटरचा क्लास केला, म्हणून खुर्चीवरची नोकरी मिळाली.

तेव्हा ईमेल नवीन होतं. मंडळाची मुलंबाळं पुण्या-बंगळूरला पांगलेली, पाहुणे बेळगावचे. गाणं असो, व्याख्यान असो, येणाऱ्यांना आधी मेल पाठवायचं काम माझं. मराठी मजकूर, पण अक्षरं इंग्रजी. खाली तोच मजकूर कन्नडमध्ये, तोही इंग्रजी अक्षरांत. लिहिण्याआधी मी मुद्दाम बसस्टँडपर्यंत जायची आणि नवख्या माणसासारखी चालत यायची. कुठं वळायचं? गाडी कुठं लावायची? म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चढवतील का? चपला कुठं काढायच्या, पाणी कुठं, धारवाडला परतायला बस कुठून? सगळं लिहायची. मला ते काम मनापासून आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मेलखाली नाव अण्णांचं. उत्तरंही अण्णांना. "अण्णा, काय छान कळवता हो!" ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. मी दिवसभर परक्या माणसांना लिहायची, 'आपली वाट पाहत आहोत.' संध्याकाळी धारवाडला, सप्तापूरच्या खोलीवर जायची. तिथं माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. स्टोव्हवर भात टाकायचा, एकटीनं खायचा. कधी कधी दिवसभरात माझं नाव घेऊन कुणी हाकही मारलेली नसायची.

ज्या कार्यक्रमात मला पानावरून उठवलं, त्याच्या मेलमध्ये मीच लिहिलं होतं, 'कार्यक्रमानंतर सर्वांसाठी भोजन आहे. अवश्य जेवून जावे.' लिहिताना मला वाटलं, त्यात मीही आले. अशी मी खुळी.

धारवाडच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले. सांगणार कुणाला? बाबा म्हणाले असते, बसलीसच कशाला? शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगायचं तर आधी जात सांगावी लागली असती. तिला ती माहीत नव्हती. मी भिऊन आडनावही सांगितलं नव्हतं.

पुढच्या कार्यक्रमाआधी अण्णांनी बोलावलं. रागावले नाहीत. उलट गोड बोलले.

"गेल्या खेपेला जरा घोळ झाला बघ. आता मेलमध्येच घालून टाक. सभासद, पाहुणे वरच्या हॉलमध्ये. कामवाले, वाजपवाले मागच्या अंगणात. म्हणजे कुणाला उठवायला नको. तुला बरं लिहायला येतंय की. गोड शब्दांत घाल."

माझ्याच हातानं. गोड शब्दांत.

तोवर मी स्वतःची समजूत घालत होते की अक्काची चूक झाली असेल. चूक कसली? ती व्यवस्था होती. आणि व्यवस्था कळवणं हे माझं काम होतं.

मी बसले. नेहमीसारखं सगळं लिहिलं. बस, फाटक, पार्किंग, पायऱ्या. मग लिहिलं:

'भोजनाविषयी. येथे पंगतीत जात पाहून बसवले जाते. मागील कार्यक्रमात मला पानावरून उठवण्यात आले. आपण जेवायला बसाल तेव्हा हे आपल्याला आधीच माहीत असावे.'

खाली अण्णांचं नाव होतं. ते काढलं. माझं घातलं, आडनावासकट. बटण दाबलं. भीती वाटत होती. फार.

दुसऱ्या दिवशी गेले तर अण्णांचा फोन थांबत नव्हता.

"कुणी शिकवलं गं तुला हे?"

"कुणी नाही."

"जेवण तेच होतं की!"

"मग पान वेगळं कशाला, अण्णा?"

दारात अक्का डोळ्याला पदर लावून उभी होती. तुला पोरीसारखं वागवलं, म्हणत होती. तिला खरंच वाईट वाटत होतं. पण ते तिच्या नावाचं, माझ्या पानाचं नव्हे.

मग अण्णा नरमले. "दुसरं मेल टाक. चुकून गेलं म्हण. विषय संपला, नोकरी तशीच." आणि त्यांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

समोर पडद्यावर उत्तरं दिसत होती. एकच माझ्या नावानं होतं. पुण्याच्या काकांचं. 'माहिती मिळाली. पार्किंगचे बरे कळवलेत. धन्यवाद.'

माझ्या शेजारी बसलेला माणूस. बाकी सगळी अण्णांना. मला कुणी एक ओळही लिहिली नव्हती.

एवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. बाबांचा चेहरा आठवला. खोलीचं भाडं आठवलं. मी खुर्चीत बसले नाही.

"चुकून गेलं नाही, अण्णा. मी पाठवलंय."

नोकरी गेली. पुढं दुसरी मिळाली, तीही आडनाव सांगून. मैत्रिणीलाही जात सांगितली. तिनं बोलणं कमी केलं. करू दे. आजही कुणी समजावतं, लहान होतीस, रागात लिहून गेलीस. नाही. मी पूर्ण शुद्धीवर होते. पंगत तशीच मांडणार असाल तर मी पुन्हा लिहीन. माझं नाव घालून. आणि या खेपेला तुमचंही.