माझ्या नऊ चित्रांचा सत्कार

ताट माझ्या हातात होतं. त्यात शाल, नारळ आणि शाळेचा वार्षिक अंक. अंकात माझी नऊ व्यंगचित्रं छापली होती. ड्रॉइंगच्या सरांच्या नावानं.

संस्थेचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आपल्या सरांच्या हातात जादू आहे." टाळ्या पडल्या. सरांनी शाल घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही. ताट जरा हाललं असेल. हेडसर दातातल्या दातात म्हणाले, "सरळ धर ना, बाई."

मी त्या शाळेत शिपाई. नवरा तिथंच शिपाई होता. तो वारला, मला अनुकंपावर घेतलं. चित्र मला कुणी शिकवलं नाही. चहा देताना स्टाफरूममधले चेहरे दिसायचे, ते मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवायची. ड्रॉइंगच्या सरांनी एकदा पाहिलं. म्हणाले, "अंकासाठी काढून दे. नाव टाकू तुझं."

कार्यक्रम संपल्यावर मी हेडसरांना विचारलं, "सर, नाव काहून नाई टाकलं माहं?"

ते हसले. "तुमच्या लोकायले नोकरी भेटली. आता नाव बी पाह्यजे?"

मी खाली मान घालून कप गोळा केले. त्या मानेची लाज मला अजून वाटते.

त्याच वर्षी कसल्याशा अर्जासाठी मंगरूळपीरला गेले. बसस्टँडजवळ रहमानभाईंचा इंटरनेट कॅफे होता. स्कॅन करायला दिलेल्या कागदांत चुकून एक चित्र गेलं. सुस्त बसलेल्या मास्तरांचं. रहमानभाई इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

"ताई, हे तुमी काढलं? अरे, असे चित्रं काढनाऱ्यायचा ग्रुप हाय नेटवर. टाकू?"

त्यांनीच खातं उघडून दिलं. ग्रुपात सगळे हौशी. कुणी बँकेत, कुणी एसटीत कंडक्टर. कोल्हापूरच्या एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांचा दरारा मोठा. माझ्या चित्राखाली त्यांनी लिहिलं, "चेहरा झकास. हात फार मोठे झालेत. पुन्हा काढा."

मी ते चारदा वाचलं. कुणीतरी माझ्या चित्रातली चूक काढली होती. म्हणजे चित्र माझं होतं.

मग दर रविवारी मंगरूळपीरची बस. दोन वर्षं. आठवडाभर ज्यांच्याशी बोलावंसं वाटायचं ती माणसं त्या पडद्यावर होती. त्यातल्या एकालाही मी पाहिलं नव्हतं.

एका रविवारी ग्रुपात ड्रॉइंगचे सर आले. तीच नऊ चित्रं त्यांनी स्वतःची म्हणून टाकली. वाहवा सुरू झाली. खाली नर्सबाईंनी लिहिलं, "ही रेषा आम्ही ओळखतो. ही वाशिमकडच्या ताईंची आहे. ताई, बोला."

नोकरी डोळ्यापुढे आली. एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, "ही चित्रं माझी आहेत. मी त्याच शाळेत शिपाई आहे." मग पिशवीतली कच्ची चित्रं रहमानभाईंना दिली. मागं शाळेच्या प्रश्नपत्रिका असलेली. दोन्ही बाजू टाकल्या.

सोमवारी हेडसरांनी बोलावलं. "काढून टाक ते. शाळेची बदनामी होऊन राह्यली."

"नाई काढत, सर."

"नोकरी करायची का नाई?"

"करायची. पन ते नाई काढत."

मान वर होती.

कुणी माफी मागितली नाही. सर अजून सरच आहेत. माझ्याकडून स्टाफरूमचा चहा काढला आणि सगळे संडास माझ्या एकटीच्या अंगावर टाकले. नर्सबाई वारल्या. ग्रुप हळूहळू ओस पडला, रहमानभाई आता मोबाइलची कव्हरं विकतात. गुडघे दुखतात. घरी आल्यावर पेन्सिल उचलायचंही जिवावर येतं.

तरी उचलते. शाळेनं अंगावर टाकलेलं काम मी कागदावर काढते. तुंबलेला संडास, नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिलेले हेडसर, बादली घेतलेली मी. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. या सहा वर्षांत इथं जे जे दिसेल ते काढीन, लोकांपुढं ठेवीन. खाली माझं नाव राहील, आडनावासकट. कुणाला विचारणार नाही.