माझ्या भारोभार गूळ

माझं वजन हा माझा खाजगी प्रश्न नाही, देवीचा आहे. असं आमच्या सासूबाईंनी एका दुपारी, मी फ्रीजपाशी उभी राहून काकडी चावत असताना, शांतपणे जाहीर केलं.

त्याचं झालं असं. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स धडाधड उतरल्या आणि मला बोरिवलीतल्या एका हॉस्पिटलात टाकलं. महेश, म्हणजे माझा नवरा, रडवेला होऊन डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होता. सासूबाई मात्र डॉक्टरांच्या वाटेलाच गेल्या नाहीत. त्या थेट आमच्या गल्लीतल्या देवळात गेल्या आणि देवीला म्हणाल्या, माझी सून उठून घरी येऊ दे, तिच्या भारोभार गूळ वाहीन. मी उठून घरी आले. इथवर सगळं झकास. पण मला सांगा, खणानारळाची ओटी भरते म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? एखादी साडी? नाही! आमच्या आई, म्हणजे सासूबाईच, कुडाळच्या. दिलं तर दणक्यात, नाहीतर नाहीच.

भारोभार म्हणजे तुला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ आणि भोवती गर्दी. वर त्या देवळात माइक! गुरव संकल्प म्हणतो तेव्हा नाव, गोत्र आणि किलो असं तिन्ही सांगतो. अहो, मी माझं वजन महेशलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. (तुम्हालाही सांगणार नाही. वाट बघू नका.) तो आकडा आता स्पीकरवरून रिक्षा स्टँडपर्यंत जाणार, नणंद ऐकणार, सोसायटीतल्या बायका ऐकणार, आणि मी तिथे मांडी घालून बसून हसतमुखाने नमस्कार करणार. माझं टाळकंच सटकलं.

महेशला म्हटलं, तू बोल आईंशी. तो म्हणाला, बोलतो. मग स्वयंपाकघरात गेला आणि एक लाडू खाऊन परत आला. याला म्हणतात पाठिंबा.

आता एकच उपाय होता. तुलेच्या आत वजन उतरवायचं. माझी नणंद वैशाली मुलुंडला राहते, सडपातळ आहे आणि त्याबद्दल न विचारता बोलते. तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. खाल्लेलं सगळं त्यात टाकायचं आणि दिवसाला बाराशे कॅलऱ्यांच्या आत राहायचं. बस. सोप्पं.

सोप्पं म्हणे! पहिल्याच रात्री आईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोबत नाचणीची भाकरी. मी फोन काढून विचारलं, आई, यात खोबरं किती ग्रॅम? त्या म्हणाल्या, लागता तेवढा. तेल किती चमचे? पुरता तेवढा. बरं, भाकरीचं वजन? तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी फोन खिशात ठेवला. पण मी हट्टी आहे. ज्याचा हिशोब लागत नाही ते खायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. आणि आमच्या घरात शिजणाऱ्या कशाचाच हिशोब लागत नव्हता. कुळथाच्या पिठीचा नाही, अळूच्या भाजीचा नाही, साध्या आमटीचाही नाही.

मग हिशोब लागतो कशाचा? पाकिटाचा! पाकिटाच्या मागे सगळं छापलेलं असतं. मग मी पाकिटातलंच खायला लागले. सकाळी बिस्किटं, दुपारी डाएट चिवडा, संध्याकाळी भाजलेले वेफर, मधे कसलासा गुलाबी बार, जो चावताना उशीचा अभ्रा आठवायचा. सगळं मोजून, सगळं बाराशेच्या आत. ॲप रोज रात्री मला शाबासकी द्यायचं. समोर आई, महेश आणि त्यांचे वाफाळलेले बांगडे, आणि मी त्यांच्याकडे तुच्छतेने बघत बिस्किटं मोजायचे. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

वजन उतरलं, हे खरं. पण त्याच्याबरोबर केसही उतरायला लागले. दोन जिने चढले की धाप लागायची. आणि राग! सकाळी उठल्या उठल्या मी गिझरवर ओरडायचे. ऑफिसात एका सभ्य गृहस्थांना मी फॉर्म नीट भरला नाही म्हणून असं झापलं की ते सॉरी म्हणून निघून गेले, आणि नंतर कळलं की ते पाण्याचा जार ठेवायला आले होते. वॉचमन माझी चप्पल वाजली की मोबाइलवर बोलायचं नाटक करायचा. महेशने तर घरात टाळी वाजवून डास मारणं बंद केलं.

आईंशी मात्र रोज वाजायचं. त्या म्हणायच्या, तुझा तोंड बघ, उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. मी म्हणायचे, उकडलेल्या बटाट्याच्या कॅलऱ्या मला पाठ आहेत. एक दिवस त्यांनी भाकरी माझ्या ताटात आपटली आणि विचारलं, "देवीक फसवतंस?"

"यात फसवण्यासारखं काय आहे?"

"मी बोललंय तेव्हा तू जेवढा होतंस, तेवढो गूळ तिचो."

म्हणजे बघा. माझ्या पोटावरची चरबीसुद्धा माझी नाही. तिच्यावर देवीचा हक्क! मी ताट सरकवून तडक उठले आणि खोलीत जाऊन दार लावून बिस्किटं खाल्ली. रडत रडत खाल्ली, पण मोजून.

आईंनी पिशवी उचलली. त्या खाली किराण्याच्या दुकानात गेल्या आणि गुळाच्या ढेपी सांगून आल्या. किती लागतील, याचा अंदाज त्यांनी नजरेने केला होता. पाच पाच किलोच्या ढेपी घरात आल्यावर मी गुपचूप मोजल्या, तर माझ्या डेंग्यूच्या वेळच्या वजनापेक्षाही एक ढेप जास्त! नजरेने! मी त्यांना तेवढी दिसत होते. त्या रात्री मी बाराशेचे हजार केले.

तुलेचा मंगळवार उजाडला. शेवटचं काही उतरलं तर उतरलं म्हणून आदल्या संध्याकाळपासून मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. देवळात पोहोचले तर तराजू बघून डोळेच फिरले. माणूस बसेल एवढी पारडी हल्ली मिळतात कुठे, म्हणून महेशने ती भंगारवाल्याकडून आणली होती. जिथे काल पंखे आणि जुने कुकर तोलले, तिथे आज मी! आईंनी पारडं चिंचेने घासून वर हळदकुंकू वाहिलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

बसले. साखळ्या करकरल्या. समोरच्या पारड्यात महेश आणि वैशाली एकेक ढेप ठेवत होते, वैशाली मोबाइलवर व्हिडिओही काढत होती. गुरव माइक फुंकत होता. एकेक ढेप चढत गेली आणि माझं पारडं जमिनीवरून अलगद उचललं गेलं. बायकांनी हात जोडले. आणि मला देवी दोन दिसायला लागल्या, मग चार, मग एकही नाही.

मी बाजूला कलंडले आणि थेट वैशालीच्या अंगावर पडले. माझं पारडं रिकामं होऊन सट्कन वर गेलं, गुळाचं धाडकन खाली आलं आणि एक ढेप घरंगळत जाऊन महेशच्या पायाच्या अंगठ्यावर आपटून फुटली. महेश ओरडला. त्याच्याजवळच माइक होता, त्यामुळे ते ओरडणं रिक्षा स्टँडपर्यंत गेलं.

शुद्ध आली तेव्हा मी आईंच्या मांडीवर होते. त्या फुटलेल्या ढेपेतला खडा माझ्या तोंडात कोंबत होत्या आणि मधेच देवीला, मधेच मला हाका मारत होत्या. हॉस्पिटलातही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला काहीतरी खोचक बोलायचं होतं, पण गूळ विरघळला आणि मी दुसरा खडा मागितला. मग तिसरा. मग कुणीतरी शहाळं दिलं, कुणी केळी दिली, गुरवाच्या बायकोने घरून वरणभात कालवून आणला आणि मी तो देवळाच्या पायरीवर बसून, खोबरं किती आणि तूप किती हे न विचारता, वाटी चाटूनपुसून खाल्ला. ॲपने मधेच फोनवर आठवण करून दिली, की आज काहीच नोंदवलेलं नाही. मी फोन वैशालीच्या पर्समध्ये टाकला.

महेश म्हणाला, आता राहू दे, पुन्हा कधीतरी करू. आईंनी ऐकलं नाही. मला परत पारड्यात बसवलं, या वेळी दोन्ही बाजूंना दोन बायका राखणीला. ढेपी चढल्या, फुटलेले खडेही चढले, काटा सरळ झाला. आणि खाली दोन ढेपी उरल्या.

गुरव म्हणाला, झाली तुला, उरलेला गूळ घरी न्या. मी मनातल्या मनात नाचायला लागले. उपाशी राहिल्याचं सार्थक झालं!

आई जागच्या हलल्या नाहीत. उरलेल्या गुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र नेहमीसारखा कडक.

"देवीकडे मी आख्खी सून मागली होती," त्या म्हणाल्या. "अशी कातरलेली नाय."

मग त्यांनी एक ढेप उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि दुसरी समोरच्या पारड्यात. काटा पुन्हा सरळ. इतकी वर्षं ज्या बाईशी मी भांडत आले, ती माझ्यासाठी देवीपुढे माझं उतरलेलं वजन भरून देत होती. मला रडू आलं. रागही तितकाच आला. देवीपुढे दोन्ही करता येत नाही, म्हणून मी आधी रडले.

तेवढ्यात गुरवाने समोरच्या पारड्यातला गूळ मोजला आणि माझं नाव, गोत्र आणि किलो माइकवरून खणखणीत आवाजात सांगितले. माझ्या मांडीवरच्या ढेपेसकट! सगळे केस गळवून जो आकडा मी लपवायला निघाले होते, अगदी तोच. ग्रॅमचाही फरक नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथल्या तिथे उठून हरकत घेणार होते, माझी मांडी आणि ती ढेप वेगवेगळी धरा म्हणून सांगणार होते.

पण तोंड उघडता येईना. मांडीवरच्या ढेपेचा मोठ्ठा तुकडा मी केव्हाच तोंडात टाकला होता.