रांगडे आहात हो तुम्ही!

एका शब्दापायी माझं ठरत आलेलं लग्न मोडायला टेकलं होतं.

माझी होणारी सासू कोल्हापूरची. ग्वाल्हेरला आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घरी मुलाला घेऊन कधी येऊ, हे विचारायला त्यांनी फोन केला. पप्पांचा आवाज मुळातच मोठा. "अहो, विचारता काय? याच! आणि हॉटेल-बिटेल बघितलंत तर मी नाराज होऊन जाईन हां!" त्या मनापासून हसल्या. "भारी रांगडे आहात हो तुम्ही!"

पप्पांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि गच्चीवर निघून गेले.

आता यांना कोण सांगणार, की आमच्या घरात रांगडा ही शिवी आहे! चपलेसकट घरात शिरणारा तो रांगडा. ग्वाल्हेरच्या हजीरा भागातल्या गर्दीत कोणी धक्का मारून गेला की पप्पा पुटपुटायचे, "रांगडा कुठचा!" मराठीत, म्हणजे त्याला कळायला नको.

मी लगेच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. तो हसतच सुटला. "अगं, आमच्याकडे कौतुक आहे ते! मोकळा, दिलदार माणूस." हसू नकोस, म्हटलं, इथे माझा जीव टांगणीला लागलाय. पप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "असलं कौतुक त्यांनाच लखलाभ. माझी मराठी हिंदाळलेली आहे, मला ठाऊक आहे. गावंढळ वाटलो मी त्यांना. नकोच म्हणून कळवू का?" मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. घरात मी नुसती येरझारा घालत होते.

ते लोक आले. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले. "आपला प्रवास सुखरूप झाला ना?" बास, पुढे एक शब्द नाही! घराचं पार सरकारी ऑफिस करून टाकलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "आम्ही आवडलो नाही का गं त्यांना? फोनवरचे ते कुठे गेले?"

माझा तोल सुटला. "तुम्हीच रांगडे म्हणालात ना त्यांना!" हे बाहेरपर्यंत ऐकू गेलं.

त्या सरळ पप्पांसमोर जाऊन बसल्या. "माझ्या वडिलांना अख्खं गाव रांगडा म्हणायचं. ते गेले आणि 'विचारता काय, याच' म्हणणारं कोणी उरलं नाही. त्या दिवशी तुमचा आवाज ऐकला आणि..."

पप्पा एकदम माझ्यावर ओरडले, "उभी काय आहेस? पुऱ्या आण!" पानं मांडली, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, न विचारता, सासूबाईंच्या ताटात पुऱ्या टाकल्या. "संपवल्या नाहीत तर मी नाराज होऊन जाईन हां!"

त्या डोळे पुसत हसल्या, पण तो शब्द काही तोंडातून काढेनात.

"म्हणा की आता," पप्पा म्हणाले.