मामाजींचं कुत्र्याचं बिस्कीट

कुठलीही गोष्ट तीन वाक्यांत कुत्र्याच्या खाण्यावर आणून ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मोठ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात. हे मामाजी लोणारला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि पेन्शन झाल्यावर देऊळघाटला येऊन राहिले होते. मी तेव्हा बुलढाण्यात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. महाराष्ट्र राज्यही माझ्या नोकरीइतकंच नवं होतं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाई. आत्याच्या वांग्याच्या भाजीची तारीफ करावी, तर मामाजी म्हणत, भाजी विलायती कुत्र्याच्या बिस्किटातही असते, पण वांगं नव्हे, बीट. मग ताटातली भाकर वाळून जाईपर्यंत आमची सुटका नसे.

तरुणपणी ते कुठल्याशा छावणीत एका गोऱ्या साहेबाची कुत्री सांभाळत. तिथल्या मडमेनं त्यांना बिस्किटांच्या डब्यासोबत आलेलं पत्रक वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून हा इतिहास त्यांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. बंदरावरची कुत्री जहाजातली शिळी, कडक बिस्किटं खाताना एका माणसाला दिसली आणि त्यानं खास कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. त्यात गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि सुकं मांस असे. मात्र मांस कशाचं, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पुढचं मामाजींनी इकडून तिकडून ऐकून जोडलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुत्र्यांसाठी घोड्याचं मांस डब्यात भरून विकू लागले. दुसऱ्या महायुद्धात डब्यांचा पत्राच मिळेना, म्हणून पुन्हा कोरड्या खाण्यावर आले. हे सगळं मामाजी इतक्या जिव्हाळ्यानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हे त्यांच्याच भाऊबंदांत घडलं. आत्या मात्र माळकरी. घोड्याचा डबा उघडायच्या आत ती उठून मागच्या अंगणात जाई.

मामाजींची दुसरी खोड म्हणजे चाखण्याची. जनावराच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या जिभेवर जायची. सरकी, कोंडा, हाडांचं पीठ, काही सुटलं नाही. वरवट बकालला एका लग्नात मानाचे पाहुणे म्हणून त्यांना गादीवर बसवलं होतं, तर हे गोठ्यात शेंगदाण्याची ढेप चघळत सापडले. मी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "आपून खाऊन पाह्यलं नाही, ते मुक्या जनावराले कसं देता येईल, मास्तर?"

नुसतं बोलण्यावर हे सारं भागलं असतं, पण त्यांचा मोती म्हातारा झाला. लोणारपासून त्यांच्यामागे आलेला हा गावठी कुत्रा. त्याचे दात गेले, भाकरीला तोंड लावेना, बरगड्या मोजता येऊ लागल्या. मामाजींनी ठरवलं, आता बिस्कीट आपणच करायचं. आत्यानं एकच अट घातली, मांसाचा कण घरात येता कामा नये. ती त्यांनी मान्य केली. बिटाऐवजी गाजर, मांसाऐवजी ढेप, बाकी ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ, असा माल घेऊन ते बुलढाण्याच्या बेकरीवाल्या चाचांकडे गेले. चाचांनी भट्टी दिली. निघालेलं बिस्कीट पाट्यावर आपटलं तर पाट्याचा टवका उडाला.

त्याच दिवसांत गावाजवळ शेतकी प्रदर्शन होतं. मामाजींनी तिथे टेबल मांडलं आणि शेजारी मोतीला पोत्यावर निजवलं. दवाखान्यातले त्यांचे जुने साहेब मुद्दाम आपला दांडगा कुत्रा घेऊन आले. गर्दी जमली. मामाजींनी बंदरापासून पत्र्यापर्यंत इतिहास सांगितला आणि बिस्किटांची टोपली पुढे केली. साहेबांच्या कुत्र्यानं ती हुंगली, तिला प्रदक्षिणा घातली आणि टोपलीवर पाय वर केला. लोक पोट धरून हसले. मोतीला भिजवून दिलं, तर त्यानं तोंड फिरवलं. टेबलाखालच्या पिशवीत उरलेली बिस्किटं मात्र एसटीची वाट पाहणाऱ्या मंडळींनी चहात बुडवून संपवली आणि वर, गोड थोडं कमी आहे, असा अभिप्रायही दिला.

लोकांच्या हसण्याचं मामाजींना काही नव्हतं. मोतीनं तोंड फिरवलं, ते त्यांना लागलं. पुढच्या रविवारी गेलो तर ते पडवीत मोतीशेजारी गप्प बसून होते. मी मुद्दाम घोड्याच्या मांसाचा विषय काढला, तरी बोलले नाहीत. त्या घरात असं निवांत जेवण मी कधी केलं नव्हतं, आणि मी अर्धी भाकर ताटातच टाकून उठलो.

त्यानंतरच्या रविवारी मला वाटेत आत्या भेटली. ती चाचांच्या घरून परतत होती. वनस्पती तुपाचा जुना डबा तिनं हात लांब करून, अंगापासून दूर धरला होता. त्यात हाडं उकळलेला रस्सा होता. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "काऊन पाहून राह्यला असा? ते दोघंही जेवत नाहीत. म्या कोणाकोणाले उपाशी मरताना पाहू?"

मागच्या अंगणात तिनं परातीत पीठ घेतलं, डोळे मिटून रस्सा ओतला आणि कोपरापर्यंत हात भरवून ते कालवलं. डोळे मिटलेलेच होते, ओठ नामस्मरणात हलत होते. मोतीनं पडवीतूनच मान उचलली. मग उठला, डगमगत आला आणि परात चाटून लख्ख केली. मामाजी दारात उभे राहून पाहत होते. डब्याच्या तळाशी बोटभर रस्सा उरला होता, तोही त्यांनी चाखला नाही.

मोती त्यानंतर होळीपर्यंत जगला. मामाजींचं बिस्कीट काही बाजारात आलं नाही. आज मामाजी आणि आत्या दोघंही नाहीत. मामाजी म्हटलं की लोकांना ती टोपली आठवते आणि हसू येतं. मलाही येतं. पण मला त्या दुपारचे मामाजी जास्त आठवतात. आत्या भरले हात घेऊन अवघडून उभी होती. ते विहिरीवर गेले, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी तिच्या अंघोळीचं पाणी काढलं.