काठाच्या ओळी

प्रयोगशेतावर सगळे त्याला ‘काटेकोर’ म्हणत. कापलेल्या पिकाचं वजन करण्याचं काम एकवीस वर्षं त्याच्याकडे होतं आणि दाण्याचाही हिशेब न चुकणारा माणूस ही आपली ख्याती त्याला मनातून आवडायची.

वाफ्याच्या काठाच्या ओळी सोडून मधल्याच मोजायच्या आणि तेच वजन साऱ्या वाफ्याला लावायचं, असा तिथला शिरस्ता. पुढे झाडांच्या रांगांमध्ये शेणखतावर गहू घ्यायचा प्रयोग आला. काटेकोरने शिरस्ता मोडला नाही. झाडांलगतच्या ओळी सोडल्या, उन्हातल्या मोजल्या. आकडे इतके देखणे आले की साहेबांनी तक्ता करून भिंतीवर लावला.

तो तक्ता पाहून काटेकोरच्या थोरल्या बहिणीने शेतात झाडांच्या रांगा लावल्या. चौथ्या वर्षी शेतकऱ्यांच्या बैठकीत ती उठून म्हणाली, “झाडांजवळचा गहू वरच येत नाही.”

“खत कच्चं असेल, बाई,” साहेब म्हणाले. सगळे हसले.

मागच्या खुर्चीवर काटेकोरचे कान तापले. चूक कुठे झाली ते त्याला लख्ख कळलं होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

रविवारी तो तिच्याकडे गेला. ताई गुडघ्याला पट्टा बांधून खत चाळत होती. तिसऱ्यांदा.

“बघ रे हुंगून. अजून कच्चंय का?”

खत उत्तम होतं. बोलायला त्याला पाऊण तास लागला.

“ताई, झाडांजवळच्या ओळी मी कधी मोजल्याच नाहीत.”

“का?”

“काठाच्या म्हणून.”

“अरे शहाण्या, झाडं काठालाच असतात ना? मग झाडांचा प्रयोग तू झाडं वगळून केलास?”

तो सांडलेलं खत गोळा करू लागला.

“मला हसत होते, तेव्हा माहीत होतं तुला?”

त्याने मान खाली घातली. ताईने विळा पुढे केला.

“काप. माझ्यासमोर.”

मधल्या ओळीचं वजन साडेचार किलो भरलं. झाडालगतच्या तेवढ्याच लांबीच्या ओळीचं पावणेदोन.

“आता हे बैठकीत वाच.”

“साहेबांना आधी विचारतो.”

“मला हसताना कुणाला विचारलं होतं त्यांनी?”

पुढच्या बैठकीत काटेकोर उभा राहिला. झाडांलगतच्या ओळी आपण सोडल्या, हे त्याने सांगितलं. पहिला आकडा वाचला. दुसऱ्याला आवाजच फुटेना.

“पावणेदोन,” ताई जागेवरून म्हणाली. “पुढे वाच.”