तुका काय व्हया?

लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका अडलेला नळ असो की ड्रॉवर, कान खाजवत त्यालाच विचारतात, "तुका काय व्हया?" तुला काय हवं, असं नळाला विचारायचं! मला त्याचा राग यायचा.

परवा आईने आतून कडी लावली. हल्ली ती आम्हाला ओळखत नाही. आत गॅसवर दूध करपत होतं. मी रडत दार बडवत होते. शेजारी पहार आणायला धावले. काका मात्र कान खाजवत उभेच. मग रिकामी बादली आपटत ते ओरडले, "वैनी, पाणी इलाऽ!"

कडी निघाली. आई दारात, हातात हंडा. मी धावत गॅस बंद केला.

काका हळूच म्हणाले, "उद्या वैनी ह्या पण इसारतली. दुसरा कायतरी शोधूक व्हया."

आई अजून हंडा धरून पाण्याची वाट बघत होती.