नलू आणि पाण्याखालचं देऊळ

नलूचा मला आयुष्यभर हेवा वाटला.
परवा ती गेली. हेवा गेला नाही.

आज एकादशी आहे, खोटं लिहिणार नाही.

नलू आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची. शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बायका गच्चीवर पापड वाळत घालायचो, आणि ही बाई पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायची.

स्कूबा डायव्हिंग.
सासूबाई म्हणायच्या, "निघाली बुडायला."

खूळ मूळचं ह्यांचं. हे अंधेरीला कॉम्प्रेसरच्या कारखान्यात होते. नेव्हीतून रिटायर झालेल्या एका साहेबांनी ह्यांना शिकवलं, ह्यांनी नलूला ओढलं. ती ह्यांना दादा म्हणायची, राखी बांधायची. कोणी भलतं समजू नका. माझा हेवा तसला नव्हता.

प्रॉब्लेम होता पाण्याचा.
आपल्या समुद्रात स्वतःचा हात दिसत नाही. पवईत मगरी. दगडाच्या खाणींत पाणी छान, पण कडा सरळ तुटलेला. पाठीवर एवढी जड टाकी घेऊन उतरणार कुठून? बोट परवडत नव्हती.
गाडी काठापर्यंत जाईल, उतरायला पायऱ्या असतील आणि कोणी हाकलणार नाही, असं गोडं पाणी हवं होतं. कितीतरी रविवार शोधण्यातच गेले.

शेवटी मुरबाडच्या पुढे एका खेड्यात सापडलं. बंधाऱ्याचा तलाव, रुंद दगडी घाट. मॅटाडोर थेट पहिल्या पायरीपर्यंत.

पण गावाची एक अट होती.
गावदेवीचं जुनं देऊळ त्या तलावाखाली गेलेलं. देवीला वर घाटावर बसवलेलं. सवाष्णीने तिची ओटी भरल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही.
नलू बिनलग्नाची. म्हणून मला नेलं.

म्हणजे बघा, वाट उघडली ती माझ्या हातून. खण, तांदूळ, हळदकुंकू सगळं मी न्यायची. नारळसुद्धा घरून, तिथे महाग पडतो. ओटी भरायची मी, नंतर काठावर टॉवेल सांभाळत बसायची मी.
आणि खाली जायची ती.

एका रविवारी ती वर आली आणि तोंडातली नळी काढून ओरडलीच.
"वहिनी! देऊळ सापडलं! कळसाला हात लागला माझा!"
"कसं आहे गं?"
"हिरवं. एकदम शांत. दारात गाळ साचलाय, पण आत शिरता येईल. पुढच्या रविवारी बघते मूर्ती आहे का."

घाटावरच्या देवीचं सगळं करणाऱ्या गोदाआजी तिथेच होत्या. त्यांनी हात जोडले. "माझी सासू तिथं दिवा लावायची. मूळची मूर्ती खालीच राहिली, असं म्हणायची ती."

मला आतून चटका बसला.

सोमवार, चतुर्थ्या, नवरात्र, सगळं धरणारी मी. ही घरात उदबत्ती लावत नाही.
आणि दर्शन हिला?

तो आठवडाभर माझा एक जप धड झाला नाही.

पुढच्या रविवारी मी ओटी भरली. नलू टाकी बांधून पायऱ्या उतरायला लागली. हे आणि साहेब वर गाडीत सामान काढत होते.
मी गोदाआजींच्या कानाशी लागले.
"आजी, तिची अडचण आहे. मी नको म्हटलं, ती ऐकत नाही."

धडधडीत खोटं. देवीसमोर, हाताला कुंकू असताना.

आजी ताडकन उठल्या. "ए पोरी, थांब! तुझी अडचण आहे म्हणते ही. खरं का गं?"

नलूचे पाय पाण्यात होते. तिने वळून माझ्याकडे बघितलं. एकदाच. शाळेतली बाई ती. लबाडी कोणी केली, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"हो आजी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

गाव जमलं. देवीला पाणी घातलं. मुंबईच्या कुणी पुन्हा इथे उतरायचं नाही, असं ठरलं. साहेबांनी हात जोडले, ह्यांनी हात जोडले. नाही म्हणजे नाही.

परत येताना हे गाडीत फाडफाड बोलले. "एवढं कळत नाही तुला, नलू? सगळ्यांची वाट लावलीस!"
ती गप्प.
मीही गप्प. थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून दिला. तिलाही.

बिल्डिंगमध्ये शिरल्यावर ती दारात थांबली. हे वर गेले होते.
"वहिनी, तुम्हाला यायचं होतं का खाली?"
"मला कुठे पोहता येतं."
"मी शिकवलं असतं की."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

त्यानंतरही ती थांबली नाही. कुठलं कुठलं पाणी शोधून काढलं, परत आली की मला सगळं सांगायची. मी ऐकायची, जळायची, आणि रात्री ते सगळं पुन्हा आठवून बघायची.

कधीतरी बोलायला हवं होतं. प्रत्येक अधिक महिन्यात ठरवलं. नाही जमलं.

परवा तिची बातमी आली तेव्हा हे म्हणाले, "गुणी पोरगी. पण तो तलाव मात्र तिच्या हट्टापायी गेला."
मी तेव्हाही गप्प बसले.

हे आत्ता आत पेपर वाचतायत. ही पोस्ट टाकली की त्यांच्या मोबाइलवर दिसेल.
वाचा हो. नीट वाचा. नलूची काही चूक नव्हती. तलाव माझ्यामुळे गेला.

मूर्ती आत आहे की नाही, ते तुला कळलं असतं नलू. मी कळू दिलं नाही.

आज सकाळी देवघरासमोर बसले, पण हात आधी तुला जोडले.
ये आता.